उपडा रांजण निवेदन करतो की

विषय : बागेत उपडा पुरलेला रांजण उकरून, धुऊन, पुन्हा जागी बसवण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : माळी कुसाका तोमेजो यांचा नगर कार्यालयाकडे केलेला अर्ज, दाखल दिनांक ९ एप्रिल, गतवर्ष.

वरील विषयात ज्याला रांजण म्हटलं आहे, तो मी बोलतोय. अर्जाबाबतचं निवेदन अर्जदाराने करायचं असतं, वस्तूने नाही, हे मला माहीत आहे. पण अर्जदार जे बोलला त्याची नोंद कशी घेतली गेली तेही मला माहीत आहे, त्यामुळे मी केलं तरी फारसं काही बिघडणार नाही. माझी भाषा थोडी कचेरीची वाटेल. गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यावर उभे राहून कारकून, अभ्यासक आणि पर्यटक बोलत आहेत. सहवासाने असं होतं. आधी मी नुसते थेंब वाजवत होतो.

माझा जन्म तोकोनामेच्या एका भट्टीत झाला. कुंभाराने मला सोया सॉस साठवण्यासाठी घडवलं होतं. पण भट्टीत शेजारचा रांजण माझ्यावर कलला आणि माझा एक खांदा किंचित बसला. कुंभाराने मला फिरवून पाहिलं, जिभेने चक् असा आवाज केला आणि वेगळ्या रांगेत ठेवलं. माणसाने माझ्याबद्दल दिलेला तो पहिला अभिप्राय. पुढे माझ्यावर दोन पुस्तिका आणि एक प्रबंध निघाला, पण त्या चक् इतकं नेमकं कोणी काही म्हटलेलं नाही.

खांदा बसलेला म्हणून सॉसच्या कारखान्याने मला नाकारलं, आणि मी मिनोच्या डोंगरातल्या एका कागदाच्या व्यापाऱ्याकडे गेलो. तिथे तीस-बत्तीस वर्षं माझ्या पोटात तांदळाच्या कोंड्यात मुळे मुरले. घरातल्या सुना झाकण उघडून मुळा काढता काढता सासूबद्दल जे बोलायचं ते माझ्या पोटात बोलत आणि झाकण लावून टाकत. पुढे त्यांतलीच एक सासू झाली आणि माझ्यापाशी येईनाशी झाली. मग घरात फ्रिज आला. मला कोठीमागे आडवं टाकलं, तिथे बेडूक राहू लागले. बेडकांबद्दल माझी काही तक्रार नाही.

तोमेजो तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. व्यापाऱ्याने त्याला घरामागे बाग करायला बोलावलं होतं. दगड शोधत तो कोठीमागे आला, मला पाहिलं, बेडकांना बाहेर काढलं आणि बोटांच्या पेरांनी माझ्या पोटावर टकटक केली. कान लावला. जरा वर टकटक केली. पुन्हा कान लावला.

"मालक, हा मला द्या."

"अरे, त्याचा खांदा बसलाय."

"म्हणूनच पाहिजे. दोन्ही बाजू सारख्या असल्या की आवाज एकाच जागी फिरत बसतो."

"मुळ्याचा वास मारतो तो."

"दहा वर्षं पाण्यात राहिला की जाईल."

"दहा वर्षं?"

"बाग नातवंडांसाठीच करताय ना? की उद्या विकायची आहे?"

मालक हसला आणि मी बेडकांचा निरोप घेतला.

तोमेजोने माझ्या बुडाला अंगठा जाईल एवढं भोक पाडलं. ते पाडायला त्याने अख्खा दिवस घेतला, कारण घाई केली तर मी तडकलो असतो. मग खड्डा खणून, त्यात काय काय अंथरून, मला उपडा बसवला. बूड वर, तोंड खाली. वरून गोटे पसरले आणि त्यावर हात धुण्याची दगडी कुंडी मांडली. ती कुंडी बसवायला सहा माणसं लागली होती. कोणी पळीने पाणी घेऊन हात धुतले की पाणी गोट्यांतून झिरपतं, माझ्या भोकाशी जमतं, आणि थेंब होऊन माझ्या अंधारात, खाली साठलेल्या चार बोटं पाण्यावर पडतो. त्याचा जो आवाज होतो त्याला लोक तारेच्या वाद्याची, कोतोची उपमा देतात. म्हणून अशा बांधणीला इथे पाण्याच्या कोतोची गुहा म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही.

पहिले तीन दिवस तोमेजो गोटे हलवत होता. एक गोटा उचलायचा, पळीभर पाणी टाकायचं, ऐकायचं, तोंड वाकडं करायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने पाणी टाकलं, ऐकलं, आणि जेवायला निघून गेला. मला ते आवडलं. एवढी दाद पुरेशी असते.

त्या काळी मला ऐकायला म्हणून कोणी येत नसे. लोक हात धुवायला येत आणि त्यांना ऐकू येई. पाहुणा क्षणभर थांबे, ओले हात तसेच धरून, आणि चहाला आत जाई. एकोणीस वर्षं असं चाललं आणि ती माझ्या आयुष्यातली बरी वर्षं होती.

मग मिकामो रेइजी आले.

ते राजधानीतून आले होते आणि परिसर-संगीत नावाचा प्रकार करत होते. त्या वर्षांत त्याची साथ होती. संगीत हे फर्निचरसारखं असावं, खोलीत असावं पण अंगावर येऊ नये, असं शिकलेली माणसं मान हलवून एकमेकांना सांगत. मिकामोंनी माझ्या भोवती चार मायक्रोफोन मांडले आणि एक माझ्या भोकातून आत सोडला. दोन गाड्या भरून यंत्रं आणली होती. तोमेजो कोपऱ्यात अझेलियाची झुडपं कापत होता, त्याला कात्री बंद ठेवायला सांगण्यात आलं.

"मला असं संगीत करायचं आहे," मिकामो त्याला म्हणाले, "जे ऐकलं नाही तरी चालेल."

"मग एवढं सामान कशाला आणलंत, गुरुजी?" तोमेजो म्हणाला.

मिकामो प्रसन्न हसले. खेडवळ माणसाच्या साधेपणावर हसतात तसे. त्यांनी चाळीस मिनिटं ध्वनिमुद्रण केलं. बाराव्या मिनिटाला पलीकडच्या बांबूवर उगुइसू, म्हणजे वसंताची वर्दी देणारा पक्षी, गायला. एप्रिल होता, तो गाणारच. मिकामोंनी डोळे मिटले आणि हात वर केला, म्हणजे कोणी हलू नये. ते त्या पक्ष्याचं यजमानपद स्वतःकडे घेत होते असं मला वाटलं.

पुढे त्यांनी माझे थेंब संथ केले, त्यांच्याखाली कीबोर्डचा एक लांबलचक सूर पसरला आणि त्याची तबकडी निघाली. ती एका स्वयंपाकघर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या दालनांसाठी घेतली, कारण माझे थेंब ऐकत ओटा पाहिला की तो अधिक स्वच्छ दिसतो असं त्यांच्या पाहणीत आढळलं होतं. मग बँका, ब्यूटी पार्लर, नमुना-घरं. तोमेजोने मला पुन्हा ऐकलं ते दातांच्या दवाखान्यात, तोंडात कापूस असताना. तो खुर्चीत उठून बसला आणि "हा माझा रांजण आहे!" असं ओरडला. डॉक्टरांना ते "दुखतंय" असं वाटलं आणि त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. हे तोमेजोनेच मला येऊन सांगितलं, गाल सुजलेला असताना.

व्यापाऱ्याच्या मुलाने घर आणि बाग गावाला देऊन टाकली. नगर कार्यालयाने मला गावाचा सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. वारसा झाल्यावर नियम लागतात. पहिला नियम असा की वारशाच्या सद्यःस्थितीत परवानगीशिवाय कोणताही बदल करता येणार नाही. पूर्वी तोमेजो दोन वर्षांनी एकदा वरचे गोटे काढून धुऊन पुन्हा रचायचा. तो बदल ठरला, म्हणून बंद झाला. गोट्यांच्या फटींत पानं कुजली, माती उतरली, तळातून पाणी बाहेर जाण्याची वाट बुजली. चार बोटं पाणी वीतभर झालं, मग हातभर झालं. गाळ माझ्या भोकापर्यंत आला. एका पावसाळ्यानंतर मी वाजायचा थांबलो.

तेव्हा माझी सद्यःस्थिती चिखल ही होती. तिचंच जतन सुरू झालं आणि आजतागायत ते चोख चालू आहे.

पर्यटन शाखेचे प्रमुख त्या वेळी उमेमोरी नावाचे गृहस्थ होते. शरद ऋतूच्या सहली तोंडावर आल्या होत्या, आणि माहितीपत्रकावर माझं नाव छापून झालं होतं. उमेमोरींनी तोडगा काढला. कुंडीमागच्या नेच्याच्या झुडपात त्यांनी एक स्पीकर बसवला आणि त्यावर मिकामोंच्या मूळ मुद्रणाची, कीबोर्डाशिवायची फीत लावली. पळी उचलली की ती वाजू लागे. लोकांना नीट ऐकू यावं म्हणून जमिनीत बांबूची एक नळी रोवली. तिचं एक टोक माझ्यापाशी आलं आणि एक फाटा स्पीकरपाशी गेला. कागदावर लिहिलं, 'तात्पुरती व्यवस्था'. त्याला आता बावीस वर्षं झाली. फितीची जागा चिपने घेतली आणि उमेमोरी उपनगराध्यक्ष झाले.

नळीचं काम असं आहे की लोक मला ऐकण्यासाठी तिला कान लावतात आणि मला त्यांचं सगळं ऐकू येतं. बावीस वर्षांत मी जे ऐकलं त्यातलं बरंचसं सांगण्यासारखं नाही, कारण त्यात काही नव्हतं.

"ऐकलंस? मन कसं रिकामं झालं!"

"तुझं होतंच की गं."

"गप्प. डोळे मीट. पाण्याला स्मृती असते म्हणतात."

"मग माझी छत्री कुठे राहिली ते विचार त्याला."

या दोघी नागोयाहून आल्या होत्या. त्यातली छत्रीवाली मला बरी वाटली. बाकीचे नुसते "अहाहा" म्हणतात. आणि उगुइसू! बाराव्या मिनिटाला तो गातो. वर बर्फ पडतंय, कुंडीवर साय धरलीय, आणि जमिनीखालून वसंतातला पक्षी गातो. या देशातली माणसं पत्राच्या पहिल्या ओळीत ऋतू चुकला तर पत्र फाडून नवं लिहितात. वसंतातली मिठाई चार दिवस उशिरा दिली तर दुकानदार कमरेत वाकून माफी मागतो. त्या माणसांनी जानेवारीत जमिनीखालून उगुइसू ऐकला आणि बावीस वर्षांत एकानेही विचारलं नाही की हा इथे काय करतोय. सरकारी पाटी लावलेल्या जागेत चूक असू शकत नाही, एवढीच त्यामागची श्रद्धा.

मध्यंतरी दूरदेशीचा एक तरुण आला होता. मिकामोंची तबकडी आता परदेशात फार मोलाची झाली आहे म्हणे. तो माझ्या डोक्यावर उभा राहिला, कानाला यंत्र लावून त्याने तीच तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, आणि नळीला कान न लावताच डोळे पुसत निघून गेला.

आता अर्जाबद्दल.

तोमेजो गेल्या वर्षी सत्त्याऐंशीचा होता. त्याची मुलगी इसोए चोपन्नची. तीही माळीकाम करते; गावच्या बागा बापलेकीच सांभाळतात. वारसा शाखेतला कारकून हिराइवा नावाचा आहे. भला माणूस आहे, म्हणजे त्याने आजवर कोणाला नाही म्हटलेलं नाही आणि होही म्हटलेलं नाही. तो दुपारचा डबा घेऊन माझ्या कुंडीपाशी बसतो आणि भाताचे गोळे खातो. तिथेच तोमेजोने त्याला गाठलं.

"साहेब, रांजण वर काढायचाय."

"आजोबा, तो वारसा आहे."

"म्हणूनच. थंडीत गाळ गोठून तडकला तर काय जपणार तुम्ही? खापऱ्या?"

"तुम्ही दुसरा नवा रांजण का नाही बसवत, इसोएताईंना शिकवायला?"

"नवा बसवीन हो. पण खड्ड्यात मी काय काय घातलं होतं ते मला आता आठवत नाही. एकदाच केलं होतं, आणि कागदावर लिहायची आमची पद्धत नव्हती. माझ्या गुरूने मला दाखवलं, मी हाताने केलं. उकरायला लागलो की हाताला आठवेल. थर वरून खाली निघतील तसे इसोएला दिसतील. तोवर माझे कान हवेत, कारण पाणी किती ठेवायचं ते ऐकूनच ठरतं. हे असं आहे बघा. मी, ती आणि रांजण, तिघं एकाच दिवशी खड्ड्यापाशी पाहिजेत. या गावात दुसऱ्या कोणाला हे येत नाही."

हिराइवाने अर्जाचा नमुना आणून दिला. त्यात एक रकाना होता : 'बदलामुळे ध्वनीवर होणारा संभाव्य परिणाम'. तोमेजोने लिहिलं, 'आवाज येईल.' कार्यालयाने अर्ज परत पाठवला. शेरा होता, 'सध्याच्या ध्वनीशी तुलना जोडावी.'

"सध्याचा ध्वनी स्पीकरचा आहे, साहेब."

"मला माहीत आहे, आजोबा."

"मग तसं लिहू?"

हिराइवाने भाताचा गोळा खाली ठेवला. "तसं लिहिलं तर ती व्यवस्था कोणी मंजूर केली ते लिहावं लागेल. ज्यांनी केली ते आज माझ्या साहेबांचे साहेब आहेत."

शेवटी असं ठरलं की तज्ज्ञ समितीने प्रत्यक्ष जागेवर येऊन ऐकावं. समितीचे सल्लागार म्हणून मिकामो रेइजींना बोलावण्यात आलं. माझ्यावर त्यांच्याइतका अधिकार कोणाचा होता?

ते या वर्षी जानेवारीत आले. आता केस पांढरे, गळ्यात लोकरीचा मफलर, बरोबर उमेमोरी. बर्फ टाचेएवढं होतं. इसोएने पळी उचलली आणि पाणी टाकलं. मिकामो गुडघे टेकून नळीला कान लावून बसले. फीत सुरू झाली. मिकामो बसूनच राहिले, दहा मिनिटं, अकरा मिनिटं. बाराव्या मिनिटाला उगुइसू गायला.

माझ्यापाशी नळीतून त्यांचा श्वास येत होता. तो थांबला. पुरता थांबला. त्या क्षणी त्यांना कळलं हे मी शपथेवर सांगू शकतो. आपला पक्षी कोण विसरतो? मग त्यांनी श्वास सोडला, हळूच उभे राहिले आणि डोळ्यांना रुमाल लावला.

"चाळीस वर्षांत," ते म्हणाले, "एक थेंब इकडचा तिकडे झालेला नाही."

"होणार कसा?" तोमेजो म्हणाला. "फीत तुमचीच आहे."

उमेमोरींनी आभाळाकडे पाहिलं.

"पुन्हा बर्फ येईलसं दिसतं."

"हो," मिकामो म्हणाले, "ढग खाली उतरलेत."

"भर जानेवारीत जमिनीखाली उगुइसू गातोय आणि तुम्ही ढग कसले बघताय?" तोमेजोचा आवाज चढला. "त्या झुडपात हात घाला. स्पीकर आहे. रांजण चिखलाने भरलाय. उकरू द्या मला, एवढंच मागतोय!"

उमेमोरी इसोएकडे वळले आणि फार मायेने म्हणाले, "वडिलांची तब्येत हल्ली कशी असते?"

"उत्तम असते," इसोए म्हणाली. "कान तुमच्यापेक्षा बरे आहेत."

समिती चहाला गेली. इतिवृत्त हिराइवाने लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी डबा खाताना ते मोठ्याने वाचलं, मला की स्वतःला ते सांगता येत नाही. 'ध्वनी मूळ स्वरूपात अबाधित असल्याचे सल्लागारांनी नमूद केले. उत्खननामुळे त्यास बाधा पोहोचण्याची शक्यता विचारात घ्यावी लागेल. उपस्थित ज्येष्ठ नागरिकाने ऋतुमानाविषयी विचार मांडले.' मग नळीत तोंड घालून म्हणाला, "मी काय करू?"

ज्याने आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न विचारला त्याने तो चिखल भरलेल्या रांजणाला विचारावा, यातच सगळं आलं. पण एक गोष्ट त्याच्या बाजूने लिहायला हवी. वरून 'नामंजूर करावा' अशी तोंडी सूचना आली होती. त्याने शेरा मारला, 'अधिक माहिती मागवली आहे.' नामंजूर अर्ज बासनात बांधतात. माहिती मागवलेला अर्ज टेबलावर राहतो.

फेब्रुवारीत इसोए त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"हिराइवा, तुमच्याकडे तक्रार आली की काय होतं?"

"चौदा दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. जागेची पाहणी करावी लागते."

"आणि अर्ज आला की?"

"तसं बंधन काही नाही."

"मग तक्रार येऊ द्या. आवाज येत नाही म्हणून पर्यटकांनी तक्रार केली तर उकरावंच लागेल ना?"

"तुम्हीच करा तक्रार."

"केली असती. अर्जदाराच्या घरच्यांची तक्रार तुम्ही हितसंबंधी म्हणून बाजूला काढता. नियम मलाही कळतात, बाबा अर्ज लिहीत असताना मी सगळे वाचलेत."

हिराइवाने इकडेतिकडे पाहिलं. स्पीकरच्या पेटीची किल्ली त्याच्याकडेच होती. ती त्याने कुंडीच्या काठावर ठेवली आणि म्हणाला, "माझी किल्ली कुठेतरी पडलीय वाटतं." त्याच्या नोकरीतलं हे सर्वांत मोठं धाडस असावं. इसोएने पेटी उघडून तार काढली.

मी तयार होतो. मुका का होईना, पण खराखुरा मीच नळीच्या दुसऱ्या टोकाला असणार होतो. लोक येतील, कान लावतील, काही ऐकू येणार नाही, चिडतील, कार्यालयात जाऊन टेबलावर हात आपटतील. प्लमच्या फुलांचे दिवस होते, बसगाड्या भरभरून येत होत्या. एकोणीस दिवस तार काढलेली होती.

लोक आले. पळीने पाणी टाकलं. कान लावला. डोळे मिटले.

"अहाहा," ते म्हणाले.

"किती सूक्ष्म!"

"आधी काहीच ऐकू येत नाही, आणि मग हळूहळू येतं."

"मला नाही आलं."

"तू अजून शांत झालेली नाहीस."

अभिप्राय वही हिराइवा दर शुक्रवारी माझ्यापाशी बसून वाचत असे. मिटल्या डोळ्यांची, भरून आलेल्या मनाची अशी पानं वर्षभरात लिहिली गेली नव्हती. एका बाईंनी लिहिलं होतं की त्यांना त्यांच्या दिवंगत आईची चाहूल लागली. एका प्राध्यापकांनी लिहिलं होतं की मागच्या भेटीपेक्षा या वेळी ध्वनी अधिक परिपक्व वाटला. ऐकलं नाही तरी चालेल असं संगीत मिकामोंना करायचं होतं. ते त्या एकोणीस दिवसांत झालं आणि त्यासाठी सामानाची एकही गाडी लागली नाही. एक तक्रार मात्र आली. पळीच्या दांड्याचं कुसळ बोटात शिरतं म्हणून. तिची पाहणी झाली, चौदा दिवसांच्या आत उत्तर गेलं आणि नवी पळी आली.

इसोएने तार पुन्हा जोडली. हिराइवाला किल्ली सापडली.

मला लोकांविषयी फारसं चांगलं कधी वाटलेलं नाही, पण त्यांच्या रागावर माझा भरवसा होता. तोही आता नाही.

ऑगस्टमध्ये बाप आणि लेक अझेलिया कापायला आले होते. भोवतालच्या झाडांवर रातकिडे नव्हेत, ते दिवसाचे किडे, सेमी म्हणतात त्यांना, इतके ओरडत होते की मला माझ्या गाळातही ते जाणवत होते. तोमेजो म्हणाला, "यंदा सेमी नाहीत बघ. उन्हाळा बिघडलाय."

इसोएची कात्री थांबली. बारीक, उंच आवाज आधी जातात, मग जाडे. थेंब बारीक असतो.

त्याच दुपारी तिने त्याला सावलीत बसवलं, वही काढली आणि खड्ड्यातले थर विचारायला सुरुवात केली. आता तिला मोठ्याने विचारावं लागत होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, सर्वांत खाली काय?"

"नदीतले दगड. मुठीएवढे. बसके नाही, गोल."

"त्यावर?"

"कौलांचे तुकडे. उभे लावायचे, आडवे नाही. आडवे लावले की पाणी अडतं."

"आणि त्यावर?"

तोमेजोने हात पुढे केले. उपड्या रांजणाला धरतात तसे, जमिनीपासून वीतभर वर. हात तसेच धरून तो बसला. बोटं काहीतरी पसरत होती, पुन्हा पुन्हा, एकावर एक, पण तोंडातून शब्द येत नव्हता.

"वाळू?" इसोएने विचारलं.

"नाही."

"कोळसा?"

"नाही गं. मऊ काहीतरी. दोनदा घातलं होतं." त्याने हात मांडीवर पुसले. "उकरलं की कळेल. लिहून ठेव, तिसरा थर राहिला."

तिने तसं लिहिलं.

याबाबत निवेदन की, तिसरा थर शुरो नावाच्या ताडाच्या खोडावरल्या केसाळ सालीचा आहे. दुहेरी अंथरलेली, पहिली उभी, दुसरी तिच्यावर आडवी. तीच माती अडवत होती. माझ्या तोंडाची कड तिच्यावर टेकलेली आहे, म्हणून मला माहीत आहे. ती आता बरीचशी कुजली आहे आणि दर काही वर्षांनी बदलायला हवी होती. ही माहिती इसोए कुसाका यांच्यापर्यंत पोहोचवण्याचं कोणतंही साधन माझ्याकडे नाही. माझं तोंड खाली आहे आणि त्यात गाळ आहे.

तोमेजो आता अठ्ठ्याऐंशीचा आहे. सप्टेंबरपासून तो बागेत आलेला नाही. इसोए एकटी येते, काम झालं की पळीभर पाणी टाकते, स्पीकर सुरू होतो, आणि ती तो संपेपर्यंत न थांबता निघून जाते. गेल्या शुक्रवारी जाताना तिने हिराइवाला अर्जाचं विचारलं. त्याने डबा बंद करून उभं राहून उत्तर दिलं.

अर्जावर पाच शिक्के लागतात. तीन झाले आहेत. चौथा उपनगराध्यक्ष उमेमोरी यांचा. समितीची पुढची बैठक मार्चमध्ये आहे, तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय अद्याप घेतलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.